मंजूर, म्हणून बेघर

ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याचा अर्ज मंजूर झाला की त्याला दोन पत्रे येतात. पहिल्यात कळवलेले असते, की मायदेशी तुमच्या जिवाला धोका आहे हे सरकारला पटले आहे. आता निर्वासित म्हणून इथे राहा, नोकरी करा. दुसरे त्याच्या मागोमाग येते आणि ते पहिल्यापेक्षा नेमके असते: अमुक तारखेपासून तुमचा भत्ता बंद, आणि राहती खोली रिकामी करून द्यावी. दोन्ही पत्रे एकाच गृहखात्याच्या कारभारातली. ज्याचा अर्ज वर्षभर धूळ खात पडला आहे त्याच्या डोक्यावर छप्पर असते. ज्याचा मंजूर झाला त्याचे जाते. नामंजूर झालेल्या एकट्या माणसाचेही २१ दिवसांत जाते, पण त्यामागचा सरकारी तर्क निदान समजतो. ‘तुझे म्हणणे खरे निघाले, तेव्हा आता रस्त्यावर ये,’ यातला तर्क कुणी समजावून सांगितलेला नाही.

इथे दयामाया बाजूला ठेवली तरी चालेल, नुसते दिवस मोजावेत. एकट्या प्रौढ माणसाला खोली सोडायला मुदत २८ दिवसांची. पुढे पोटापाण्याची सोय लागेपर्यंत युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्ता मागायचा, तर त्याचा पहिला हप्ता हाती पडायला साधारण पाच आठवडे, म्हणजे ३५ दिवस लागतात. मंजुरीच्याच दिवशी अर्ज ठोकला तरी मधला आठवडा वाऱ्यावर. त्या आठवड्यासाठी उचल मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापून घेतली जाते; आयुष्याची नवी सुरुवात कर्जाने होते. आणि याच देशात २०१७चा बेघरपणा कमी करण्याचा कायदा आहे. इंग्लंडपुरत्या त्या कायद्यात म्हटले आहे, की माणूस ५६ दिवसांत बेघर होणार असे दिसले की स्थानिक कौन्सिलने मदतीला लागले पाहिजे. म्हणजे संसदेच्या हिशेबाने घर शोधायला दोन महिने लागतात, तेही तिथेच जन्मलेल्याला. गृहखात्याच्या हिशेबाने परक्या भाषेत, ओळखदेख नसताना, खिशात दमडी नसताना ते एका महिन्यात जमते.

२०२३च्या उन्हाळ्यात तर हा महिनाही कागदावरच उरला होता. पूर्वी २८ दिवस ओळखपत्र हाती आल्यापासून मोजत; त्या ऑगस्टपासून ते निर्णयाच्या पत्रापासून मोजायला सुरुवात झाली. ओळखपत्र छापून यायला वेळ लागे आणि त्याच्याशिवाय ना बँकेत खाते उघडे, ना घरमालक दारात उभा करी. काहींच्या हाती जेमतेम सात दिवस उरले. त्याच सुमारास सुनक सरकारला जुन्या अर्जांचा ढीग वर्षअखेरपर्यंत उपसून दाखवायचा होता, त्यामुळे मंजुऱ्या झपाट्याने निघत होत्या. जानेवारी २०२४मध्ये ढीग उपसल्याचे जाहीर झाले. उपसलेली माणसे कुठे गेली हे कौन्सिलांच्या बेघर विभागांना आणि फुकट जेवण देणाऱ्या चर्चना विचारायला हवे होते. आरडाओरडा झाल्यावर मोजणीची पद्धत त्याआधीच, डिसेंबर २०२३मध्ये, मागे फिरवली गेली होती.

मग लेबर पक्षाचे सरकार आले आणि एक शहाणपणाची गोष्ट घडली. डिसेंबर २०२४पासून प्रयोग म्हणून मुदत ५६ दिवसांची करण्यात आली. गृहखात्याचे कॅलेंडर आणि बेघरांच्या कायद्याचे कॅलेंडर पहिल्यांदाच जुळले. कौन्सिलांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सप्टेंबर २०२५पासून एकट्या प्रौढांसाठी पुन्हा २८. सरकारला हॉटेलांतल्या खोल्या मोकळ्या करायच्या होत्या, आणि खोली मोकळी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आतल्या माणसाला लवकर बाहेर काढणे. स्वस्त अर्थात गृहखात्याला. तो माणूस दुसऱ्या दिवशी ज्या कौन्सिलच्या दारात उभा राहतो तिला नव्हे.

त्या कौन्सिलच्या खिडकीवर काय होते ते पाहण्यासारखे आहे. पोरंबाळं असलेले कुटुंब असेल, बाई गरोदर असेल, कुणी आजारी असेल, तर कायद्याने त्यांना ‘प्राधान्य’ आहे आणि तात्पुरती का होईना, जागा द्यावी लागते. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा धडधाकट सुदानी किंवा अफगाण तरुण असेल तर त्याला प्राधान्य नाही. त्याला सल्ला मिळतो, याद्या मिळतात, एजंटांचे फोन नंबर मिळतात. छप्पर मिळत नाही. भाड्यासाठी सरकारी मदत आहे, पण पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला ती बहुतेक वेळा सामायिक घरातल्या एका खोलीच्या दरानेच मिळते. पुन्हा ‘स्थानिक संबंध’ नावाचे कलम आहे. गृहखात्याने त्याला जिथे राहायला पाठवले होते, तिथे त्याचा स्थानिक संबंध जुळला असे कायदा धरून चालतो. जागा निवडायचा हक्क त्याला नव्हता. ‘देऊ तिथे राहा’ हेच तर १९९९च्या आश्रयविषयक कायद्याचे सूत्र. पण लंडनमध्ये त्याचा मावसभाऊ आहे, गावचे चार लोक आहेत, काम मिळण्याची आशा आहे म्हणून तो तिथल्या कौन्सिलकडे गेला, तर ती त्याला बोट दाखवून, गृहखात्याने ठेवले होते त्या मिडल्सबरोला परत पाठवू शकते. तिथे त्याचा संबंध आहे म्हणे!

स्कॉटलंडमध्ये हा प्राधान्याचा भेद २०१२च्या अखेरीस मोडीत निघाला. तिथे एकटा तरुणही बेघर म्हणून जागा मागू शकतो. साहजिकच इंग्लंडमध्ये मंजुरी मिळालेली माणसे ग्लासगोची बस पकडतात. ग्लासगोने नोव्हेंबर २०२३मध्ये घरांची आणीबाणी जाहीर केली. चांगला कायदा पाळणाऱ्या शहराला शेजाऱ्याच्या वाईट कायद्याचे बिल भरावे लागते, आणि मग त्या शहरातले लोक चांगल्या कायद्यालाच नावे ठेवू लागतात.

उरतो खासगी घरमालक. आपल्याकडून लेस्टर, शेफील्ड किंवा लंडनला शिकायला गेलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांना ‘शेअर कोड’, म्हणजे राहायचा हक्क ऑनलाइन दाखवणारा संकेतांक, हा शब्द एव्हाना पाठ झाला असेल. इंग्लंडमध्ये घर भाड्याने देण्याआधी भाडेकरूला या देशात राहायचा हक्क आहे की नाही हे घरमालकाने तपासायचे, असा दंडक २०१४च्या इमिग्रेशन कायद्याने घातला. २०१६पासून तो सगळ्या इंग्लंडभर लागू आहे. तपासणीत चूक झाली तर दंड. फेब्रुवारी २०२४पासून तो पहिल्या खेपेस माणशी दहा हजार पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास वीस हजारांपर्यंत गेला आहे. घरमालक काही इमिग्रेशन अधिकारी नव्हे. त्याच्यापुढे दोन अर्जदार असले, एकाकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे कुठल्याशा वेबसाइटवर उघडणारा कोड, तर तो काय करील हे सांगायला ज्योतिषी नको. यातून भेदभाव होतो हे लंडनच्या हायकोर्टाने २०१९मध्ये मान्य केले होते. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने योजना मात्र कायदेशीर ठरवली. आपल्या पोरापोरींना निदान मागे कुणीतरी असते. इंग्लंडमधला जामीनदार आणा, नाहीतर सहा महिन्यांचे भाडे आगाऊ भरा, असे एजंटने सांगितले की कोथरूडमधला बाप चडफडत का होईना एफडी मोडत आला आहे. एरिट्रियातून सहारा आणि समुद्र ओलांडून आलेल्याने कुठली एफडी मोडायची?

त्याच्याकडे पैसे का नाहीत, हा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांतूनही अधूनमधून विचारला जातो, इतकी वर्षे फुकट राहिला ना? राहिला खरा. अर्ज प्रलंबित असेपर्यंत त्याला काम करायला बंदी असते. वर्ष उलटले आणि उशिरात त्याचा दोष नसला तर परवानगी मागता येते, तीही सरकारने ठरवलेल्या ठरावीक कामांपुरती. स्वतः स्वयंपाक करणाऱ्याला २०२४मध्ये आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स मिळत. हॉटेलात जेवण मिळते म्हणून तिथल्या माणसाला ८ पौंड ८६ पेन्स. त्यात बसभाडे, फोनचा रिचार्ज, पोराची वही, बाईच्या महिन्याच्या गरजा. पैसे रोख नाहीत, सरकारी कार्डावर. बँकेत खाते सहसा उघडता येत नाही. भाड्याने राहिल्याचा इतिहास नाही, पगाराची चिठ्ठी नाही, शिफारस करणारा आधीचा घरमालक नाही. घरमालक जे जे कागद मागतो ते ते जमा होऊ नयेत अशी व्यवस्था दोन-दोन वर्षे चोख चालवायची आणि मग २८ दिवसांत ते सगळे घेऊन ये म्हणायचे.

आणि हे सारे काटकसरीसाठी चालले आहे असे कुणाला वाटेल, तर तसेही नाही. आश्रयार्थींना जागा पुरवण्याचे काम २०१९पासून सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांकडे दहा वर्षांच्या कंत्राटावर आहे. सुरुवातीचा अंदाज होता साडेचार अब्ज पौंडांचा. ब्रिटनच्या महालेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२५मध्ये सांगितले, की हा खर्च १५.३ अब्जांवर जाईल. माणसे वाढली हे खरे. पण मुख्य कारण हॉटेले. अर्ज तुंबले, साधी घरे पुरेनात, म्हणून २०२०नंतर हॉटेलेच्या हॉटेले भाड्याने घेतली गेली; सप्टेंबर २०२३मध्ये चारशेपेक्षा जास्त हॉटेलांत सुमारे ५६,००० माणसे होती. लेखापरीक्षकांच्याच हिशेबाने २०२४-२५मध्ये हॉटेलांत राहणारे होते सरकारी निवाऱ्यातल्या एकूण आश्रयार्थींच्या ३५ टक्के आणि कंत्राटांच्या खर्चातला त्यांचा वाटा ७६ टक्के. एका माणसाची हॉटेलातली एक रात्र तेव्हा सरकारला सुमारे १४५ पौंडांना पडत होती. १४५ रात्रीला कंत्राटदाराला, ८ पौंड ८६ आठवड्याला माणसाला! क्लिअरस्प्रिंग्जच्या मालकाचे नाव २०२४मध्ये ‘संडे टाइम्स’च्या श्रीमंतांच्या यादीत झळकले, यात नवल ते काय.

‘हॉटेल’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येते ते अर्थात तिथे नसते. एका खोलीत आईबाप आणि दोन मुले, खोलीत चूल पेटवायला मनाई, डब्यातून येणारे तेच ते जेवण, आणि दारावर पहारेकरी. कधी सकाळी निरोप येतो की बाडबिस्तरा आवरा, तुम्हाला दुसऱ्या गावी हलवतोय. मुलाची शाळा, डॉक्टरकडची नोंदणी, इंग्रजीचा वर्ग, वकिलाची भेट, सगळे पुन्हा पहिल्यापासून. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटले तर मदतच बंद होऊ शकते. ग्लासगोत २०१८ साली सर्कोने याच्या पुढची पायरी गाठली होती. अर्ज फेटाळले गेलेल्या तीनशेच्या आसपास लोकांच्या घरांची कुलुपेच बदलून टाकायचे तिने जाहीर केले. शहर चवताळून उठले, प्रकरण कोर्टात गेले आणि २०१९मध्ये स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाने कंपनीचे वागणे कायद्यात बसते असा निर्वाळा दिला.

जागा द्यायची, पण ती आपण दिलेली जागा आहे हे त्या माणसाला विसरू द्यायचे नाही, अशी एक खोड या व्यवस्थेला पहिल्यापासून आहे. २०१६च्या जानेवारीत मिडल्सबरोमधली लाल दारे गाजली. आश्रयार्थींना दिलेल्या बहुतेक घरांची दारे उपकंत्राटदाराने एकाच लाल रंगात रंगवली होती. कंपनी म्हणाली, रंग घाऊक घेतला होता, त्यात हेतू काही नाही. हेतू नसेलही. पण कुठल्या दारावर अंडी आणि दगड मारायचे हे गल्लीतल्या टारगटांना घर न विचारता कळू लागले. त्याच महिन्यात कार्डिफमध्ये उघडकीला आले, की तिथल्या आश्रयार्थींना जेवण हवे असेल तर मनगटावर रंगीत पट्टा बांधून फिरावे लागत होते. दारे पुन्हा रंगवली गेली, पट्टे निघाले. मग बराकी आल्या: फोकस्टनजवळच्या नेपियर लष्करी छावणीत २०२०पासून माणसे ठेवली, एकेका दालनात डझनावारी. जानेवारी २०२१मध्ये तिथे कोरोनाची साथ पसरली, आग लागली, आणि त्या जूनमध्ये हायकोर्टाने तिथली व्यवस्था बेकायदा ठरवली. त्यानंतर पोर्टलंड बंदरात बिबी स्टॉकहोम नावाचा तराफा आणून उभा केला, २२२ खोल्यांत पाचशेजण कोंबायच्या बेताने. ऑगस्ट २०२३मध्ये पहिली तुकडी चढली आणि चार दिवसांत उतरवावी लागली, कारण पाण्यात लीजिओनेला जंतू सापडले होते. २०२४च्या नोव्हेंबरात शेवटचा माणूस तिथून बाहेर पडला. या जागा हॉटेलांपेक्षा फारशा स्वस्त पडल्याच नाहीत. पण टीव्हीवर त्या हव्या तशा दिसत, आणि त्यांचे निम्मे काम तेच होते.

सोय जास्त चांगली ठेवली तर आणखी लोक येतील, ही या साऱ्यामागची श्रद्धा. दोन्ही मोठ्या पक्षांची ती आहे. काबूल किंवा खार्टूम सोडताना माणूस इंग्लंडमधला आठवड्याचा भत्ता आणि खोलीचे क्षेत्रफळ ताडून पाहतो, असे मानायला भलतीच कल्पनाशक्ती लागते. तो भाषा पाहतो, आधी पोचलेला नातेवाईक पाहतो, आणि पुष्कळदा दलाल नेईल तिथे जातो.

तरीही रागावलेल्या स्थानिकांना सरसकट वंशद्वेष्टे ठरवून चालणार नाही. रॉदरहॅमजवळच्या मॅनव्हर्समध्ये ४ ऑगस्ट २०२४ला जमावाने दोनशेहून अधिक आश्रयार्थी आत असताना हॉटेलच्या दाराशी पेटता कचऱ्याचा डबा ढकलला. तो शुद्ध गुन्हा होता आणि त्याबद्दल माणसे तुरुंगात गेली. पण गावातले एकुलते एक बरे हॉटेल एका रात्रीत बंद होते, जिथे लग्ने लागत तिथे पहारा बसतो, आणि कौन्सिलला हे कंत्राट झाल्यावर कळते, ही तक्रार खोटी नव्हे. एपिंगच्या बेल हॉटेलवरून ऑगस्ट २०२५मध्ये कोर्टकचेरी झाली ती याच मुद्द्यावर: हॉटेलचा वापर बदलला, त्याला नगररचनेची परवानगी घेतली होती का? हायकोर्टाने हॉटेल रिकामे करायचा अंतरिम आदेश दिला आणि दहा दिवसांत अपील कोर्टाने तो उठवला. त्याहून मोठी तक्रार घरांची. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या घरासाठी सुमारे तेरा लाख कुटुंबे रांगेत आहेत. त्यांना समोर हॉटेलच्या खिडकीत परका चेहरा दिसतो. थॅचरबाईंच्या १९८०च्या कायद्यानंतर सुमारे वीस लाख सरकारी घरे भाडेकरूंना सवलतीत विकली गेली आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत, हे खिडकीत दिसत नाही.

त्यातही गंमत अशी, की गृहखात्याचे कंत्राटदार आणि कौन्सिले बाजारात एकाच स्वस्त घरासाठी झगडतात. मिडल्सबरो, स्टॉक्टन, रॉचडेल, बोल्टन ही आश्रयार्थी पाठवायची गावे निवडली गेली ती तिथे घरे स्वस्त म्हणून. कंत्राटदार जास्त भाडे देऊन घर उचलतो, तेव्हा कौन्सिलला आपल्या बेघर कुटुंबासाठी दुसरीकडे पाहावे लागते. इंग्लंडच्या कौन्सिलांनी २०२३-२४मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यावर सुमारे २.३ अब्ज पौंड खर्चले. मंजुरीनंतर हॉटेलातून काढलेले कुटुंब पुष्कळदा कौन्सिलतर्फे दुसऱ्या लॉजमध्ये ठेवले जाते. पैसा त्याच करदात्याचा, फक्त खाते वेगळे. गृहखात्याच्या तक्त्यात मात्र एक आकडा कमी झालेला दिसतो.

करण्यासारख्या गोष्टी फार गहन नाहीत. ५६ दिवस सर्वांना द्यावेत, एकट्या तरुणांनाही. सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास काम करू द्यावे, म्हणजे माणूस बाहेर पडताना पगाराची चिठ्ठी घेऊन पडेल. आणि हॉटेलांवर जाणाऱ्या पैशातला वाटा कौन्सिलांना घरे घ्यायला आणि बांधायला द्यावा. कंत्राट संपल्यावर घर तरी गावाला उरेल. सरकार २०२९च्या आत हॉटेले बंद करू म्हणते, पण माणसे ठेवायला पुन्हा लष्करी छावण्यांकडेच पाहते.

उलट, नोव्हेंबर २०२५मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी जे धोरण जाहीर केले त्यात आश्रयार्थींना मदत देण्याचे कायदेशीर बंधनच काढून टाकायचे आहे. द्यायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. निर्वासित म्हणून मान्यता यापुढे ३० महिन्यांची, दर वेळी फेरतपासणी, आणि कायम राहण्याचा हक्क वीस वर्षांनी. घरमालकाच्या बाजूने याचा हिशेब मांडून पाहावा. भाडेकरूचा कागद अडीच वर्षांत संपणार. त्याआधी तो पुन्हा तपासायचा. मधल्या काळात गृहखात्याची फाइल तुंबली असली तर खात्याच्या उत्तराची वाट पाहायची. तपासणी राहून गेली तर दंड दहा हजार पौंडांपर्यंत. शेजारच्या अर्जदाराकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, आणि तो एकदाच पाहावा लागतो.